सोड्यावर ओतलेलं पाणी

१७ ऑक्टोबर १९३६, सकाळी सात
सगळ्यांची तब्येत विचारून झाली. बॉयलर: आतून खार धरलाय, धापा टाकतो. पंप: खोकला. सोमा पंपवाला: पाठ धरलीय. रहेमान, माझा आगवाला: ठणठणीत, फक्त तोंड जास्त चालतं. मी: उत्तम.
खार काढायला तेलगिरणीत कॉस्टिक सोड्याचे डबे आले. सोबत जाड काचेचे चष्मे, रबरी हातमोजे आणि इंग्रजी कागद. तीस वर्षं बॉयलर सांभाळतोय, कागद मला काय शिकवणार?

२० ऑक्टोबर
कागद अर्धा वाचला. गार पाण्यात सोडा चिमूट चिमूट टाका म्हणे. साहेबलोक भित्रे. गार पाण्यात साखर तरी धड विरघळते का? रहेमान म्हणाला, नाना, लिहिलंय तसं करू ना. मी म्हटलं, तू कोळसा टाक.

२४ ऑक्टोबर, खंडेनवमी
पाने, हातोडे, चष्मे, मोजे पाटावर मांडून पूजा केली. हळदकुंकू, झेंडू. रहेमाननं दोन पेढे खाल्ले. गिरणी बंद, बॉयलर गार. मॅनेजर म्हणाले, आजच खार काढा. रहेमाननं चष्मा मागितला. मी म्हटलं, पूजेतलं हत्यार आज उचलायचं नाही. सोडा हत्यार नव्हे, तो चालतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
किरकोळ घडलं. बादलीत सोडा घातला, वरून मी चुलीवरचं उकळतं पाणी ओतलं. धाड! बादली छतापर्यंत उसळली. माझ्या हाताची साल सोलली. रहेमान डोळा धरून भिंतीवर आपटला, माझ्या सात पिढ्या काढत. मी डोकं चालवलं: चुन्यानं तोंड भाजलं की तूप लावतात. तूप आणायला घरी पळालो. परत येतो तर सोमानं त्याचं मुंडकं हौदात दाबलेलं! मारतोस का रे म्हणत ओढायला गेलो, तर रहेमाननं पोटात लाथ घातली आणि सोमानं तुपाचा डबा माझ्या टाळक्यात हाणला. ओरडला, पाणी लागतं नाना, नुसतं पाणी! उरलेला अर्धा कागद म्हणे त्यानं टाइमकीपरकडून वाचून घेतला होता. मला नाही सांगितलं. हे वागणं बरं नव्हे.

२६ ऑक्टोबर
डॉक्टर म्हणाले, पट्टी आठ दिवसांनी सुटेल, डोळा आहे की गेला ते तेव्हाच कळेल. रहेमान मोटारीनं चांदवडला, बहीण हाजराकडे गेला. माझ्याशी बोलला नाही. तोंड दुखत असेल. बॉयलरवर आता सोमा, पंपावर मी. तात्पुरतं. माझ्या हाताची सगळ्यांना काळजी.

४ नोव्हेंबर
काल पट्टी सुटली असेल. रहेमानला पत्र लिहायला बसलो. पहिल्या कागदावर दोष सोड्याचा, दुसऱ्यावर खंडेनवमीचा, तिसऱ्यावर सोमाचा. तिन्ही फाडले. चौथा उद्या टपालात टाकीन:
रहेमान, पाणी मी ओतलं. तू बादलीवर वाकला होतास, मला दिसत होतं. त्या डोळ्यानं काय दिसतं ते हाजराकडून लिहवून घे. चार शिव्या घालून लिही, पण लवकर लिही.