पाय धरतात

वरोर,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

रविंद्र,

नमस्कार. अकरा वर्षं तू आमच्या चिकूच्या वाडीत कामाला आलास. रोज सकाळी तू नमस्कार केलास आणि मी मान हलवली. आज पहिल्यांदा मी करतोय, तोही कागदावर. फोन तू उचलत नाहीस. उचलावास असं मी काही केलेलंही नाही.

इकडे ठीक आहे. चिकू यंदा लहान आहे पण गोड आहे. आईचे गुडघे तसेच. माझी मात्र एक गंमत झाली. डॉक्टरांनी रक्तात साखर वाढली म्हणून सांगितलं, आणि मयुरीने दुसऱ्याच दिवशी गिअरची सायकल दारात आणून उभी केली. बायकोपुढे कोणाचं चालतं? सत्तेचाळिसाव्या वर्षी पोट सांभाळत वरोर ते डहाणू जातो आणि परत येतो. रस्त्याकडेला सुकट वाळत घालणाऱ्या बायका मला बघून हसतात. हसू देत.

मागच्या रविवारी अंगात जोर आला आणि थेट आशागडपर्यंत गेलो. तुझ्या घराच्या वळणापर्यंत. आत आलो नाही, तिथूनच मागे फिरलो. त्या रात्री झोपेत उजव्या पोटरीत असा गोळा आला की मी ओरडून उठलो. मयुरीने पायाची बोटं धरून पाऊल वर दाबलं तेव्हा कुठे सुटला. थोड्या वेळाने तळपायात आला. मग पाय पसरायचीच भीती वाटायला लागली. सकाळी मी लंगडत होतो.

एका दिवसात लंगडायला लागलो, रविंद्र. तू तेच अंतर रोज जाऊन-येऊन मारायचास, आणि मधे दिवसभर झाडावर.

परवा डहाणूच्या बाजारात तुझी योगिता भेटली. मी विचारलं, रविंद्र कसा आहे. भाजीच्या पाटीवरून मान वर न करता ती म्हणाली, "तलासरीला कंपनीत जातात. सायकलवरच. राती पाय धरतात अजून. तुम्ही आता इचारून काय करता?" मेथीची जुडी घेतली आणि निघालो.

म्हणून हे पत्र. माझ्या पायांसाठी मी डहाणूला रविना नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे गेलो होतो. तिने सांगितलं ते तुलाही सांगतो. झोपायच्या आधी भिंतीला हात टेकून उभं राहायचं, एक पाय मागे, टाच जमिनीला टेकलेली, आणि पोटरीला ताण बसेल इतकं पुढे झुकायचं. तीस आकडे मोजायचे, मग दुसरा पाय. घर जवळ आलं की शेवटचा टप्पा हळू मारायचा, दमून येऊन लगेच पडायचं नाही. पांघरूण पायांवर घट्ट खोचायचं नाही. गोळा आलाच तर बोटं आपल्याकडे ओढून धरायची आणि चोळायचं. रोजच यायला लागले तर दवाखान्यात दाखवायचं, अंगावर काढायचं नाही. सीट फार खाली असली तरी पायांवर ताण येतो म्हणे. तुझी सायकल तात्यांची जुनी, वडिलांची सायकल गड्याला दिली म्हणून मी चार ठिकाणी मिरवलं होतं. सीटचा नट गंजलाय, वर होत नाही, असं तू मला दोनदा म्हणालास. मी दोन्ही वेळा "बघू" म्हणालो.

आणि पाणी. निघायच्या आधी, वाटेत, दिवसभर. फार घाम गेला तर लिंबू आणि चिमूटभर मीठ घालून. रविनाने मला विचारलं, दिवसात पाणी किती पिता? मला माझं काही आठवेना, तुझं आठवलं.

आमच्या मागच्या दारी खिळ्याला टांगलेला तो जर्मन धातूचा पेला, तो तुमचा, कामगारांचा. माठ घरात, तो आमचा. तहान लागली की तुम्ही दारातून हाक मारायची, मग आई बाहेर येणार आणि पेल्याला लोटा लागणार नाही अशा बेताने वरून धार धरणार. पहिल्या वर्षी तू हाक मारायचास. मग बंद केलीस. आई कौतुकाने म्हणायची, "रविंद्र गुणाचा, सारखा पाणी मागत नाही." मीही हो म्हणायचो. घरून आणलेली तुझी बाटली दहा वाजेपर्यंत तरी पुरत होती का, कोण जाणे. झाडांना आम्ही ठिबक लावलंय. त्यांना वेळेवर पाणी मिळतं.

पेला काढून टाकला. माठ बाहेर ओट्यावर ठेवला. आई दोन दिवस बोलली नाही, मग बोलायला लागली. हे मोठेपणा म्हणून लिहीत नाही. अकरा वर्षांनी माठ आठ पावलं सरकला, एवढंच.

आता त्या दिवसाचं. इतका वेळ व्यायाम सांगत बसलो तो ते टाळायलाच.

दिवाळीनंतरची गोष्ट. वापीचे व्यापारी पीयूषभाई टेम्पो घेऊन आले होते आणि माल भरायचा राहिला होता. तू उशिरा, पाय ओढत आलास आणि म्हणालास, "शेठ, राती पाय धरतात, झोप नाय झाली." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "राती कोणाचे पाय धरतोस? ताडीवाल्याचे?" सगळे हसले. मला माझा विनोद आवडला होता, हेही कबूल करतो. हसले नाहीत ते तू आणि करंड्या उचलायला आलेली योगिता. फळं काढायची काठी तू झाडाला टेकवून ठेवलीस आणि दोघं गेलात. पिणाऱ्याला कोणी झाडावर चढवत नाही. माझं वाक्य तुझ्या आधी वाडी-वाडीत पोचलं आणि या पट्ट्यात तुला कोणी काम दिलं नाही.

काल बागायतदारांच्या ग्रुपवर मी लिहिलं, की रविंद्रबद्दल गैरसमजातून बोललो, तो चांगला कामगार आहे. माझा चुलतभाऊ मनिष आणि आणखी चौघांनी अंगठे टाकले. मला हलकं वाटलं. नीट जेवलो.

पण गैरसमज नव्हताच. माल भरायचे खोके मी आदल्या दिवशी आणायला हवे होते, मी विसरलो, म्हणून टेम्पो खोळंबला. तू वेळेवर आला असतास तरी तो खोळंबलाच असता. पीयूषभाई चिडले होते आणि मला कोणीतरी पुढे करायला हवा होता. तू माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होतास. ताडीचा वास येत नव्हता, रविंद्र. खोबरेलाचा येत होता. तू पाय चोळून कामावर आला होतास, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं.

हा वरचा परिच्छेद आत्ता जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. मनिषचा लगेच निरोप आला, डिलीट कर, घराण्याची अब्रू जाते. केला नाही.

परत ये असं म्हणायचा मला हक्क नाही. योगिताला एवढं पत्र वाचून दाखव.

ठाऊक असून खोटं बोललेला,
जतीन