कापडी वर्गास लोखंडी चिलखत मिळण्याबाबत

संदर्भ (आधीच दिले आहेत. शेवटी दिलेले कोणी वाचत नाही, हा अर्जदाराचा चौतीस वर्षांचा अनुभव) :
अ) लोखंडी चिलखत, एक नग, वजन बेचाळीस.
आ) चांदीचे वाळे, एक जोडी.
इ) डब्लिन, रविवार, सकाळचे साडेदहा.
ई) भिंतीवरची तसबीर.
उ) "आपल्या वर्गास सदर वस्तू परिधान करण्याची अनुमती नाही." आपले उत्तर, दि. १८ नोव्हेंबर २०२५.

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
नवखंड गेम्स प्रा. लि.,
महापे, नवी मुंबई.

विषय : 'काळदुर्ग' या खेळातील अर्जदाराच्या मांत्रिकास येत्या रविवारी एक तास चिलखत घालू देण्याबाबत.

महोदय,

१. अर्जदार बाजीराव दगडू खरात, वय त्रेसष्ट, राहणार जुईनगर, हा एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक शाखेतून निवृत्त झालेला आहे. त्याची कन्या संघप्रिया डब्लिनला नर्स आहे. तिचा फोन तीन मिनिटांत आटोपतो. जेवलात का, गोळी घेतली का, ठेवते. हे तिलाही जाणवत असावे, कारण गेल्या वर्षी सुट्टीवर आली असता तिनेच अर्जदाराच्या संगणकावर आपला खेळ बसवून दिला. तेव्हापासून रविवारी दुपारी चारला बापलेक त्यात भेटतात. किल्ल्यापर्यंतची जंगलातली वाट वीस मिनिटांची आहे. त्या वाटेने चालताना ती बोलते. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याने तिला स्वतःच्या मुलीच्या नावाने हाक मारली आणि तिने ओ दिली, हे अर्जदाराला त्या वाटेवर कळले. फोनवर कळले नसते.

२. खेळात शिरताना वर्ग निवडावा लागतो आणि तो पुन्हा बदलता येत नाही, हे आपण लाल अक्षरांत लिहिले आहे. अर्जदाराने ते वाचले होते. पाच चित्रे होती. चौघांच्या हातात हत्यारे आणि एकाच्या हातात पुस्तक. अर्जदाराच्या घरी भिंतीवर जी तसबीर आहे, तिच्यातल्या माणसाच्या हातातही पुस्तक आहे. ज्याच्या हातात पुस्तक, त्याच्या मागे जायचे, हे या घराचे वळण. अर्जदाराने दुसऱ्या चित्राकडे पाहिलेसुद्धा नाही. तो मांत्रिक निघाला, आणि मांत्रिकाला फक्त कापड घालता येते.

३. (हा परिच्छेद अर्जदाराने खोडला आहे.)

४. ऑक्टोबरपर्यंत कापडाने भागत होते. मग आपण त्या वाटेवर तिरंदाज बसवलेत. कन्या योद्धा वर्गाची असल्याने तिच्या चिलखताला बाण लागून खाली पडतो. अर्जदार पहिल्याच बाणाला मरतो. मरण्याबद्दल तक्रार नाही. परंतु आपल्या नियमानुसार मेलेल्याचा माईक बंद होतो आणि त्याला काही ऐकूही येत नाही. किल्ला सर होईपर्यंत अर्जदार स्मशानात वाऱ्याचा आवाज ऐकत बसतो.

गेल्या रविवारी कन्या म्हणाली, "पप्पा, एक सांगायचं होतं. रागावू नका हां. मी ना इथं..." आणि बाण लागला. अर्जदार परत जिवंत झाला तेव्हा तिची निघायची वेळ झाली होती. "काही नाही हो, पुढच्या रविवारी," असे ती म्हणाली. सोमवारी फोनवर विचारले. म्हणाली, "काही नाही हो पप्पा. गोळी घेतली का?"

७ डिसेंबरपासून तिला रविवारी ड्यूटी लागली आहे. म्हणजे पुढचा रविवार एकच आहे.

५. किल्ल्याच्या दारापाशी आम्हांला येऊन मिळणारे सदस्य, वाशीचे श्री. सनी, बँकेत नोकरीला, यांचे म्हणणे असे : "काका, तुमचा मांत्रिक शिंकला तरी मरतो. नवीन योद्धा काढा ना, टेन्शन काय?" अर्जदाराने नवीन योद्धा काढला आहे. तो सध्या एका गावात कोंबड्या पकडतो. त्याला त्या वाटेवर पाऊल ठेवायला फेब्रुवारी उजाडेल.

६. चिलखत अर्जदाराने चोरलेले नाही. किल्ल्यातल्या पेटीतून आपल्याच खेळाने ते त्याला दिले. गेले पाच आठवडे तो ते पाठीवर वाहतो आहे. वाहायला परवानगी आहे, घालायला नाही. आपले उत्तर (संदर्भ उ) अर्जदाराने छापून फाईलला लावले. अर्जदाराच्या आई बयाबाई यांना गावात चांदी घालायची मुभा नव्हती. मुंबईत आल्यावर पहिल्या पगारात त्यांनी वाळे करून घेतले आणि कामावरही घालून गेल्या. आपल्या कार्यालयाचा याच्याशी संबंध नाही, खेळ तो खेळ, हे अर्जदारास समजते. तरी नोंद घ्यावी.

७. सबब विनंती की, रविवार दि. ३० रोजी चार ते पाच चिलखत घालू द्यावे. तलवारीला हात लावणार नाही, असे हमीपत्र जोडले आहे. पूर्ण चिलखत शक्य नसल्यास छातीपुरते द्यावे. तेही शक्य नसल्यास नुसते शिरस्त्राण द्यावे, अर्जदार मान खाली घालून चालेल. यातले काहीच नियमात बसत नसेल, तर मेलेल्याचे कान तेवढे उघडे ठेवावेत. मग चिलखत नको. अर्जदार पहिल्या बाणाला मरेल आणि पडल्या जागी ऐकेल.

उत्तर शनिवारपर्यंत मिळावे. त्यानंतर मिळालेल्या उत्तराचा अर्जदारास उपयोग नाही.

आपला नम्र,
बाजीराव दगडू खरात
(मांत्रिक, पातळी एकतीस)
जुईनगर, दि. २५ नोव्हेंबर २०२५

सोबत : हमीपत्र. चिलखत पेटीत सापडल्याचे छायाचित्र. श्री. सनी यांचे ना हरकत पत्र. कन्येस यातले काही कळवू नये, अशी स्वतंत्र विनंती.

ता. क. खोडलेल्या परिच्छेद ३ मधले एक वाक्य ग्राह्य धरावे : डब्लिनला निघाली त्या दिवशी संघप्रियाने आजीचे वाळे पायांत घातले होते.