आईच्या चेहऱ्याचा रंग

दादा,

आई झोपली आहे, उठवू नकोस. शेजारच्या काकू तिच्याजवळ बसल्या आहेत. तू आलास की त्यांना जाऊ दे. मी दवाखान्यात नर्सबाईंकडे जाते आहे. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र आणते आणि डॉक्टरांना पुन्हा व्हिडिओवर घेते.

सकाळी ते फोनवर तिला बघून म्हणाले, "आजींचा रंग छान आहे, काळजी नको." मीच फोन खिडकीच्या उजेडात धरला होता. नंतर तिने तोंड पुसलं, तर टॉवेलला पावडर आणि लिपस्टिक. ओठ मला निळसर वाटले. विचारलं, तर म्हणते, "परका माणूस बघणार, मग काय अशीच बसू?" आता डॉक्टरांनी नेमकं काय तपासलं आणि मी नेमकं काय पाहिलं, मला काही कळेनासं झालं आहे.

उठली की ओल्या रुमालाने तिचं तोंड पूस आणि उजेडात ओठ तूही बघ. धाप लागली तर लगेच फोन कर. उद्याचं तिकीट रद्द कर असं म्हणत नाही, पण बॅग भरायचं थांबव.

तू सुट्टीवर आल्यापासून ती रोज आपल्याआधी उठून पावडर लावते. मला वाटायचं, लेक आला म्हणून खुशीत आहे.

छोटी