रेक्झिनचा धूर

प्रिय विपुल,

‘प्रिय’ लिहिलं ते सवयीनं. आज समोर असतास तर कानाखाली वाजवली असती. आता माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे.

अकोल्यात तू कारखाना टाकलास, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा भुसा दाबून जळणाच्या कांड्या करायला लागलास, तेव्हा मी कॉलेजभर सांगत फिरले होते. आमच्या अमरावतीच्या प्रयोगशाळेत कोणत्या जळणातून किती विषारी धूर निघतो हे मोजायचं ठरलं, तेव्हा बाभळीचं लाकूड, गोवऱ्या, सुटी पऱ्हाटी यांच्यासोबत तुझ्या कांड्या मीच आग्रहानं घेतल्या. त्याच सगळ्यांत स्वच्छ निघणार याची मला खात्री होती.

एकच चूल, एकच पातेलं, तेवढंच पाणी. धुराड्यात लावलेला गाळणीचा कागद लाकडानं करडा झाला, गोवऱ्यांनी तपकिरी. तुझ्या कांड्यांनी तो डांबरासारखा काळा आणि चिकट झाला. खोलीभर चप्पल जळाल्यासारखा वास. मी नवीन पोतं मागवून त्यातल्या कांड्या पेटवल्या, पुन्हा तेच. मग एक कांडी पाण्यात भिजवून फोडली, तर आत लाल-निळ्या रेक्झिनचे तुकडे.

त्या दिवशी फोनवर तू जे बोललास ते मी विसरणार नाही. “ताई, सोफ्याच्या दुकानातलं कातरण फुकट भेटते. आंच वाढते त्यानं. सारेच टाकून राहिले. तू तेवढा आपला नमुना काढून टाक ना.” वर हेही म्हणालास, की माल बॉयलरमध्ये जातो, कोणाच्या नाकात जात नाही.

जातो, विपुल. मोर्शीला आपल्या आईच्या नाकात जातो. दिवाळीत तूच तिथे पोती टाकून गेलास. घरात गॅस आहे, तरी अंघोळीचं पाणी ती तुझ्याच कांड्यांवर तापवते, शेजारच्या पार्बताबाईला बोलावून दाखवते. आयुष्यभर चुलीपुढे बसून आधीच दमलेली छाती तिची, आणि हिवाळाभर ती हे फुंकत बसली. ती बारीक खोकते, एवढंच तुला माहीत आहे. गेल्या आठवड्यात मी तिला इथे डॉक्टरांकडे आणलं. घरात काय जाळता, असं त्यांनी विचारलं, तर केवढ्या तोऱ्यात म्हणाली, “माह्या पोराच्या कारखान्यातलं.” छातीचा फोटो चांगला नाही. आता रोज श्वासाचा पंप ओढावा लागतो, आणि जिना चढताना ती मध्येच खाली बसते.

मी पोती उचलायला गेले तर दार अडवून उभी राहिली. “तुले भावाचं बरं पाह्यवत नाही. तुया मशीनले काय समजते?” रेक्झिनचं मी तिला सांगितलेलं नाही.

सांगणारही नाही, आणि त्यासाठीच हे पत्र. तुझा नमुना मी काढणार नाही, आकडे आहेत तसेच अहवालात जातील. पण त्याआधी तू मोर्शीला ये. आईसमोर बस, कांड्यांत काय घातलं होतंस ते तुझ्या तोंडानं तिला सांग आणि पोती तुझ्या हातानं उचलून ने. माझं ती ऐकत नाही. पार्बताबाई सांगत होती, आज सकाळीही तिनं तेच पेटवलं.

अजून तरी तुझीच,
अपेक्षाताई