मैमुनाबींचे स्वयंपाकघर आणि माझी पांढरी गाडी

शारजा, शुक्रवार, २२ ऑगस्ट १९९७

ती. सौ. आक्कांना कावेरीचा नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. त्यात 'विष्णूने गाडी घेतली हे ऐकून ऊर भरून आला' असे एक वाक्य आहे, आणि केवळ त्या वाक्यामुळे मी हे पत्र लिहायला बसले आहे. तुमच्या बंधूंनी गाडी घेतलेली नाही. मी घेतली. तुमचा ऊर भरून येण्याला माझी हरकत नाही, फक्त तो योग्य माणसासाठी भरून यावा. गुडघे कसे आहेत? नव्या तेलाने उतार पडला का? (नसेल पडला तर जिने चढणे बंद करा, तेलाला दोष देऊ नका.) भावोजींच्या खोकल्याची मी चौकशी केली म्हणून सांगावे.

आता क्रमाने सांगते. दुबईतल्या एका शाळेने मला गणित शिकवायला बोलावले आहे. एकाहत्तर सालची माझी बी.एस्सी., तीही पहिल्या वर्गातली, इतकी वर्षे ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर पडून होती. तिला अखेर कुणीतरी विचारले. अट एकच, सकाळी सातला वर्गात हजर. शाळेची बस शारजात येत नाही, आणि इथून दुबईला जाणारा रस्ता सकाळी असा तुंबतो की शेअर टॅक्सी कधी पोचेल ते विचारले तर टॅक्सीवाला 'इन्शाल्ला' म्हणून मोकळा होतो. मुख्याध्यापिकेला मी रोज इन्शाल्ला सांगू शकत नाही. म्हणजे गाडी नाही तर नोकरी नाही. लायसन मी मार्चमध्येच काढले होते, तिसऱ्या परीक्षेला. (तुमचे बंधू सहाव्या परीक्षेनंतर थांबले. परीक्षकाचा भारतीयांवर आकस आहे असे त्यांचे मत. मीही भारतीयच आहे, एवढेच नमूद करते.)

प्रथम आम्ही जुन्या गाड्यांच्या दुकानांच्या रांगेत गेलो. तिथे प्रश्न मी विचारायचे आणि विक्रेत्यांनी उत्तरे यांना द्यायची, 'हबीबी' म्हणून, खांद्यावर हात ठेवून. पुरुषमंडळी जुनी गाडी बघताना चाकाला लाथ का मारतात ते मला अजून समजलेले नाही. यांनीही मारली, आणि काहीतरी कळल्यासारखी मान हलवली. पहिल्या दुकानात सांगितले, "मॅडम, लेडी डॉक्टर की गाडी है, सिर्फ हॉस्पिटल से घर." दुसऱ्या दुकानातही लेडी डॉक्टर. तिसऱ्यातही. मी विचारले, कुठल्या हॉस्पिटलच्या, नाव काय, कशाच्या डॉक्टर? तो म्हणाला, "मॅडम, आप गाडी लेने आए हो या ऑपरेशन कराने?" मी तिथून निघाले. इतक्या लेडी डॉक्टर शारजात असत्या तर गेल्या वर्षी तनयाच्या कानासाठी मला तीन तास ताटकळत बसावे लागले नसते.

मग मी माझी पद्धत वापरली. इंजिन मला कळत नाही आणि कळते असे सोंग मी करत नाही. पण घर मला कळते. ज्या घरात कढईची खालची बाजू स्वच्छ, त्या घरात गाडीचे ऑइल वेळेवर बदललेले असणार. आपण मुलीचे स्थळ बघायला जातो तेव्हा पत्रिका दिवाणखान्यात बघतात, पण खरी माहिती मोरीत मिळते, हे तुम्हीच मला शिकवले. (तुमच्या धाकटीच्या वेळी आपण दोघींनी मोडलेले ते साताऱ्याचे स्थळ आठवा.) पलीकडच्या इमारतीत दापोलीकडचे रफिकभाई राहतात. त्यांना खोर फक्कानच्या बंदरात नोकरी लागली, कंपनीची गाडी मिळाली, म्हणून ते आपली विकत होते. मी गेले ती थेट आत. मैमुनाबी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांच्या ओट्यावर डाग नाही, डब्यांना चिकटपणा नाही. सिलिंडर सरकवून मागची भिंत पाहिली, तीही लख्ख. रफिकभाई दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, "बाई, गाडी खाली आहे."

खाली जाऊन पाहिली. पांढरी होती, चार दारे होती. त्यांनी चारही काचा उतरवून एक फेरी मारून दाखवली. माणूस काटकसरी आहे, एसीसुद्धा लावत नाही, हे मी मनात टिपले. साडेअकरा हजार दिर्‍हाम, म्हणजे आपले एक लाख बारा-तेरा हजार, माझ्या शिकवण्यांच्या पैशांतले. व्यवहार खलास.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघे गाडीत बसलो, काचा वर केल्या, एसी लावला. आक्का, तुमच्यापासून लपवणार नाही. गाडीत सुकी मासळी होती. प्रत्यक्ष नव्हती, पण इतकी होती की प्रत्यक्ष असती तर निदान काढून टाकता आली असती. तनया म्हणाली, "आई, इट्स अ फिश मार्केट विथ सीट बेल्ट्स!" यांनी नाकाला रुमाल लावला, खाली उतरले आणि या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही असे भर रस्त्यात जाहीर केले.

मी तडक मैमुनाबींकडे गेले. त्या जराही वरमल्या नाहीत. "अवो बाई, गावचं सुकं येतं पोतंभर. बोंबील, जवळा. घरात ठेवलं तर घराला वास लागतो, म्हणून मी डिकीत ठेवते. सहा वर्षं तिथंच ठेवलं. नाहीतर काय कपाटात ठेवू? कपाटात कपडे असतात." या उत्तरात मला खोट सापडली नाही. स्वयंपाकघर एवढे निर्मळ का, त्याचे कारण खाली इमारतीच्या सावलीत उभे होते, आणि मी वरच्या वर निकाल देऊन आले होते.

तरीही माझी पद्धत चुकली असे मी मानत नाही. पासिंगला, म्हणजे इथल्या सरकारी तपासणीला, गाडी पहिल्याच खेपेला उतरली. तपासनीस आत बसला, लगेच बाहेर आला आणि म्हणाला, "इंजन फर्स्ट क्लास. यल्ला, ले जाओ." (तो इतक्या लवकर का उतरला यावर तुमचे बंधू काही बोलले. मी कागद दाखवला.) मी डिकी सोड्याने धुतली, लिंबे ठेवली, कापूर जाळला. मैमुनाबींनी आपणहून बखूर आणून धुरी दिली. आता गाडीला बाजाराचा, देवळाचा आणि दर्ग्याचा असे तिन्ही वास येतात, पण ती एका किल्लीत सुरू होते. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी स्वतःच्या कमाईच्या गाडीत स्वतः बसते. आपल्या दोन्ही घरांत ही पहिलीच गोष्ट, आणि ती नाक न दाबता सांगावी अशी आहे.

तुमची,
कावेरी

ता. क. गाडी मी उत्तम चालवते. फक्त दुबईला अजून नेलेली नाही. राउंडअबाउटमध्ये मला शिरता येते, पण बाहेर कुठून पडायचे ते शेजारी बसून कुणीतरी सांगावे लागते. मागच्या शुक्रवारी एकाच ठिकाणी इतक्या प्रदक्षिणा झाल्या की कोपऱ्यावरचा पोलीस शेवटी हात हलवू लागला. मीही हलवला.

ता. क. दुसरा. तुमचे बंधू नऊ वर्षे कंपनीच्या व्हॅनमधून दुबईच्या त्याच रस्त्याने जातात. त्यांना गाडी येत नाही पण रस्ते पाठ आहेत, आणि मला गाडी येते. शाळा सोमवारी, एक तारखेला उघडते. ते ऐकतात फक्त तुमचे. तुमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही, तेव्हा वासाने काही बिघडत नाही हे तुम्ही म्हणालात तर त्याला वजन येईल. तुमचे पत्र त्यांना पोचायला उशीर होईल, म्हणून फोन करा, आणि पहिले पंधरा दिवस तरी शेजारी बस अशी आज्ञा करा. मी सांगितले असे म्हणू नका. मी सांगितलेले नाही.

आज रात्रीच्या विमानाने पुण्याला निघालेल्या, आमच्या इमारतीतल्या अनिलकडे या पत्रासोबत सुपूर्द केले ते असे:
खजुराची पेटी, एक.
भावोजींसाठी बाम, दोन बाटल्या.
केशराची डबी, एक (उघडून पाहिली आहे, खरे आहे).
गाडीचा फोटो, एक. बॉनेटवर हात ठेवून मालकासारखे उभे आहेत ते तुमचे बंधू. गाडी तिथवर चालवत आणणारी बाई कॅमेऱ्याच्या मागे आहे.