बरणीतला कवड्या

रविवार, २० जुलै. पारनेर.
आजपासून सापांचा छंद सिरियसली. इतके दिवस नुसती खरेदी झाली. हुक, गमबूट, टॉर्च. राळेगणच्या वाटेवर बांधाचे दगड उलटले. विंचू. विंचू. सरडा. आणि मग तो! काळा, अंगावर पांढरे पट्टे. बघताक्षणी ओळखला. कवड्या, बिनविषारी. बरणीत भरला. नागपंचमीला शाळेत माझं 'साप ओळखा' व्याख्यान आहे, जिवंत नमुना हवाच. स्नेहलला सांगितलं, तिथंच सोडून दिला. बायकोला सगळंच सांगायला पाहिजे असं कुठंय? बरणी माळ्यावर.

सोमवार, २१ जुलै.
ग्रुपवर फोटो टाकला. काष्टीचा आसाराम स्वतःला फार मोठा सर्पमित्र समजतो. लिहितो, 'सर, कवड्याचे पट्टे शेपटीकडं पुसट होत्यात. हिचे तिथंच ठळक हायेत. मण्यार हाय ही, लई जहरी. झोपल्या मानसाला चावती, त्याला कळतबी न्हाई. घरात ठिवू नका.' जळतोय लेकाचा! व्याख्यान मला मिळालं ना. ग्रुप म्यूट.

बुधवार, २३ जुलै.
बरणी रिकामी. हवा लागावी म्हणून झाकणाऐवजी फडकं बांधलं होतं, गाठ सुटली. बाहेर गेला असणार. साप माणसाला घाबरतो. तरी माळा, कपाट, गव्हाची कोठी बघितली. स्नेहलनं विचारलं, काय शोधताय? म्हटलं, चार्जर.
उद्या सांगू.

गुरुवार, २४ जुलै.
सासूबाई राहायला आल्या. पलंगावर झोपा म्हणून केवढा आग्रह केला! 'न्हाई जावईबापू, मला आपली भुईच बरी.' फरशीवर गोधडी टाकली. कवड्याच आहे, म्हातारीला उगाच कशाला घाबरवा? पलंगावर मी. हातपाय आत घेऊन.

शुक्रवार, २५ जुलै. सकाळ.
सासूबाईंचं पोट दुखतंय, उलट्याही. कालची मिरची बाधली. अंगावर चावल्याची खूण नाही (सहज बघितलं). अ‍ॅसिडिटीची गोळी दिली.

थोड्या वेळानं.
पापण्या उघडत नाहीत. जीभ जड. जागरण झालं असेल. स्नेहल रडतेय. गाडी काढतो.

दुपार. नगर, दवाखाना.
व्हेंटिलेटर लावलाय. डॉक्टरांनी विचारलं, घरात साप वगैरे दिसला होता का? मी घसा खाकरेपर्यंत स्नेहल बोलून गेली, 'छे हो! घरात साप असता तर यांना कळलंच असतं. यांचा अभ्यास आहे.'
मग सांगितलं. फोटो दाखवला. डॉक्टर इंजेक्शनसाठी धावले. वाचतील की नाही, आत्ताच सांगता येत नाही म्हणाले.
स्नेहल आयसीयूच्या काचेपाशी उभी आहे. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. ती पलीकडे सरकली.