थोपटणाऱ्या मावशी

५ जानेवारी

वय सत्तावन्न वर्षं चार महिने. आज नक्की केलं. प्राण्यांच्या वैद्यकात जायचं. पूर्ण डॉक्टर व्हायला पाच वर्षं लागतात, म्हणजे बासष्ट पूर्ण. तेव्हा सध्या सहायकाचा एक वर्षाचा कोर्स. वयाची अट पस्तीस आहे. सवलत मागणारं पत्र इंग्रजीत लिहिलं, कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं तसं: डावीकडे समास, ‘रिस्पेक्टेड सर’नंतर एक ओळ मोकळी. अशा पत्राला नाही म्हणणं कोणालाही जड जाईल.

ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, समास छान आहे.

६ जानेवारी

ही ओढ आजची नव्हे. चौथीत असताना शाळेच्या बागेत पंख मोडलेलं कबुतर सापडलं होतं. सिस्टरनी ते माझ्या ओंजळीत दिलं. म्हणाल्या, चाइल्ड, तुझे हात ऊबदार आहेत. कबुतर माझ्या हातांत शांत झोपी गेलं. दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, बरं होऊन उडून गेलं. सिस्टरच्या झग्याला येणारा कपड्यांच्या साबणाचा वास अजून आठवतो.

१० जानेवारी

कोपऱ्यावरच्या प्राण्यांच्या दवाखान्यात रुजू. दर मंगळवार-शुक्रवार सकाळी, फुकट. दोन खोल्या, एक स्टीलचं टेबल, फिनेल. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची. कंपाउंडरने हातात झाडू दिला. पायरी पायरीनेच चढायचं असतं.

घरी येऊन सराव म्हणून मास्तरला तपासलं. आमचा कुत्रा, वय चौदा. पहिल्यापासून भुवया पांढऱ्या, म्हणून मास्तर. लेकीने शाळेच्या दप्तरातून आणला होता, भूगोलाच्या वहीवर शू केलेला. प्रकृती उत्तम. पोटाखाली बोराएवढी गाठ. चरबी.

हे म्हणाले, एकदा दाखवू या ना. म्हटलं, कोणाला दाखवायचं? घरातच फील्डमधलं माणूस आहे.

१४ जानेवारी

आज एक बोका टेबलावरून सुटला, कंपाउंडरला ओरबाडलं. मी कानामागे थोपटलं. लेकीला थोपटायचे त्याच तालात, दोन जलद, एक सावकाश. बोका गप्प. डॉक्टरीणबाई म्हणाली, मावशी, हात चांगला आहे तुमचा. शुक्रवारी एकीला झोपवायचंय, धराल का?

धरेन म्हणजे काय! लेक तास तास डोळा मिटायची नाही. तिला झोपवलंय मी.

१७ जानेवारी

झोपवलं. म्हातारी पांढरी मांजर. चार मिनिटांत. इंजेक्शन डॉक्टरीणबाईचं, पण अर्धं श्रेय थोपटण्याचं. मालकीण फार रडत होती. म्हटलं, अहो, झोपेसारखं औषध नाही. उठेल तेव्हा बघा कशी ताजीतवानी दिसेल. बाई माझ्याकडे बघतच राहिली. कंपाउंडरला खोकला आला.

लोकांना विज्ञान समजावून सांगावं लागतं.

२४ जानेवारी

आठवड्यात तिघांना झोपवलं. जेवताना ह्यांना सविस्तर सांगितलं. ह्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, अगं, झोपवतात म्हणजे मारतात. परत उठताना पाहिलंस का एकाला तरी?

मी उठून ताटं घासायला घेतली.

२५ जानेवारी

अर्थात मला पहिल्यापासून माहीत होतं. त्या बाईला ताजीतवानी म्हटलं ते धीर द्यायला.

सोडावं का? नाही. झाडू कोणीही मारतं. शेवटचं धरायला कोणी पुढे येत नाही. हे माझं स्पेशलायझेशन.

७ फेब्रुवारी

नाव होतंय. लोक फोन करून विचारतात, थोपटणाऱ्या मावशी कुठल्या दिवशी असतात? कंपाउंडर पाठीमागे मला यमाची मावशी म्हणतो. कानावर आलं. हेवा, दुसरं काय.

मास्तरचंही तेच. मी दवाखान्यातून आले की पलंगाखाली जातो. आधी दारात येऊन चपला हुंगायचा. माझ्या हातचा भात खात नाही, ह्यांच्या हातचा खातो. बायकोचं करिअर नवऱ्याला खुपतं हे ऐकून होते, कुत्र्यालाही खुपतं हे नवीन. गाठ लिंबाएवढी. वयोमानानुसार.

१४ फेब्रुवारी

लेकीचा फोन. मास्तर कसा आहे? म्हटलं, ठणठणीत. म्हणाली, मग बाबा गाठीचं काय म्हणत होते? म्हटलं, बाबा कॉमर्सचे. ती हसली नाही. म्हणाली, फोन त्याच्या कानाला लाव. लावला. तिने शीळ घातली असावी. पलंगाखाली शेपटी दोनदा फरशीवर आपटली.

बघा, म्हणजे ठणठणीतच.

१८ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईने सहज विचारलं, मावशी, तुमच्याकडे म्हातारा कुत्रा आहे ना? एकदा आणा की. म्हटलं, आणते. मग त्या टेबलाकडे लक्ष गेलं. कंपाउंडर ते पुसत होता.

या आठवड्यात जमणार नाही. घरात फार कामं आहेत.

४ मार्च

संकल्प: १) मास्तरला रोज अंडं. २) दवाखान्यातून आणलेल्या जुन्या पुस्तकातला ‘ट्यूमर’ हा धडा वाचणे. धडा उघडला. चित्रं होती. चष्म्याचा नंबर वाढलाय, मिटून ठेवला.

गाठींची फळांशी तुलना करणं अशास्त्रीय आहे. यापुढे बंद.

हे तिसऱ्यांदा म्हणाले, मी घेऊन जातो. म्हटलं, चार लोकांत माझी काय शोभा राहील? मावशींचाच कुत्रा, आणि मावशींनाच कळलं नाही? हे म्हणाले, कळलं नाही की कळून घेतलं नाही?

निवृत्त झाल्यापासून फार टोचून बोलतात.

११ मार्च

सकाळी मास्तर उठला नाही. चटईवर रक्त. गाठ फुटली होती.

ह्यांनी चादरीत गुंडाळून उचलला, गाडीत ठेवला. मंगळवारच होता, मी ॲप्रन घातलेलाच होता.

डॉक्टरीणबाईने हात लावून पाहिलं. विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, अलीकडेच. हे म्हणाले, जानेवारीपासून. तिने ग्लोव्ह्ज काढले. म्हणाली, तेव्हा आणला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं, मावशी. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, आता झोपवू या. धराल?

मी हात पुढे केला. मान उचलायचं त्राण नव्हतं त्याच्यात, तरी त्याने मान बाजूला घेतली. पुन्हा केला. पुन्हा घेतली. माझ्या हाताला त्या टेबलाचा वास. परक्या प्राण्यांना तो नवा होता. मास्तर दोन महिने तो वाचत होता.

हे म्हणाले, तू बाहेर बस.

ह्यांना थोपटता येत नाही. लेकीला एकदाही झोपवलेलं नाही. दारातून दिसलं, भरलेल्या पिशवीवर थापा माराव्यात तसं थोपटत होते, कसला ताल नाही. मास्तरने त्यांच्या बाहीत नाक खुपसलं होतं.

चार मिनिटंही लागली नाहीत.

बाकावर कंपाउंडरने पाणी आणून दिलं. नुसतं मावशी म्हणाला. आधीचं ‘यमाची’ गाळलं.

१२ मार्च

लेकीला फोन केला. म्हटलं, झोपेत गेला गं. ती म्हणाली, आई, झोपेत गेला की झोपवला? फोन ह्यांच्याकडे दिला.

आत जाऊन हात धुतले. लिंबानेही धुतले.

१८ मार्च

कोर्सचं उत्तर आलं. वयाची सवलत मंजूर. समास डावीकडे.

सोबत फॉर्म. एक रकाना: प्राण्यांची देखभाल केल्याचा अनुभव, वर्षांत. चौदा लिहिलं. खोडलं. दुसरा आकडा सुचला नाही.

मोडक्या पंखाचं कबुतर एका रात्रीत उडालं कसं, हे मी सिस्टरना कधी विचारलं नाही. आता माझ्या लक्षात येतंय, विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं. त्या खोटं बोलायच्या नाहीत, कोणी विचारलं तर.

२१ मार्च, शुक्रवार

दवाखान्यातून दोनदा फोन. एका सशाला झोपवायचंय, मालक म्हणतात मावशीच हव्यात. उचलला नाही. ह्यांनी उचलला आणि म्हणाले, मावशी घरी नाहीत.

दुपारी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. दहा दिवसांत डोळ्याला डोळा नाही. हे येऊन शेजारी बसले, पाठीवर थोपटायला लागले. तेच, पिशवीवर थापा. म्हटलं, अहो, ताल चुकतोय. म्हणाले, चुकू दे.

झोप लागली.

उठले तेव्हा पाच वाजले होते. ताजंतवानं काही वाटलं नाही.